बॅटरी सॉकेट खात नाही, सॉकेटवरची बडबड खाते

नाशिकमध्ये फ्रीलान्स काम करत असाल तर कांदा, द्राक्ष नाहीतर एमआयडीसी, यातलं काहीतरी एक वाट्याला येतंच. माझ्या वाट्याला गेल्या सीझनला कांदा आला. निफाडकडचे एक व्यापारी आहेत, त्यांना सगळेच नाना म्हणतात, त्यांचं एक छोटं वेब ॲप आहे, लिलाव चालू असताना भाव लाइव्ह दाखवणारं. प्ले स्टोअरवर नाही, नुसती लिंक, व्हॉट्सॲपवर फिरते आणि लोक क्रोममध्येच उघडतात. बनवणारा पोरगा पुण्याला नोकरीला लागला आणि मेंटेनन्स माझ्याकडे आला. आल्या आल्या नानांचा फोन, "अरे, तुझं ते ॲप उघडं ठेवलं ना, तर दुपारच्या लिलावापर्यंत मोबाइल मरतोय म्हणे लोकांचा. शिव्या मला पडतात."

आता ज्यांनी लासलगाव नाहीतर पिंपळगावचं मार्केट पाहिलंय त्यांना माहितीये, माणूस पहाटेच ट्रॅक्टर घेऊन लायनीत लागतो. चार्जर कुठून आणणार. सकाळभर एका हातात चहा नि दुसऱ्या हातात मोबाइल, पुढच्या ट्रॉलीला काय भाव फुटला, काल कितीचा होता, घरी फोन, भावाला फोन, आणि मध्येच हे ॲप. शिवाय त्याच मोबाइलवरून परत घरी जायचंय, पेमेंटचा मेसेज बघायचाय. म्हणजे बॅटरीची तक्रार शोभेची नव्हती.

ओळखीच्या दोनचार डेव्हलपर लोकांना विचारलं तर सगळ्यांचं एकच, "वेबसॉकेट आहे ना, कनेक्शन सतत उघडं राहतं, बॅटरी जाणारच." वेबसॉकेट, किंवा नुसता सॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली उघडी लाइन, दोन्हीकडून कधीही बोलता येईल अशी. बॅटरीचं हे लोक इतक्या ठाम सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला खरं वाटतं. पण थोडा विचार करा. उघडं कनेक्शन म्हणजे नक्की काय असतं? टीसीपीचं, म्हणजे इंटरनेटवर दोन यंत्रांना जोडणाऱ्या पद्धतीचं, कनेक्शन दोन्ही टोकांच्या मेमरीतली एक नोंद आहे, बास. त्यावरून काही पाठवलं नाही तर हवेतून काहीच जात नाही. तासभर गप्प बसलेल्या सॉकेटचा खर्च जवळजवळ शून्य. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये गूगलच्या नोटिफिकेशनसाठी असं एक कनेक्शन चोवीस तास उघडंच असतं, आयफोनमध्ये ॲपलचं असतं, त्याने कुणाचा फोन दुपारी मरत नाही.

मरतो तो रेडिओमुळे. एफएमवाला नव्हे, मोबाइलचा टॉवरशी बोलणारा जो भाग आहे तो. ४जी मध्ये फोन टॉवरशी दोन अवस्थांमध्ये असतो, एक जागा आणि एक झोपलेला. झोपलेला असताना अधूनमधून डोळा किलकिला करून बघतो, आपल्यासाठी काही आलंय का, तेवढंच. काही पाठवायचं किंवा घ्यायचं असलं की जागा होतो, आणि गंमत इथून पुढे आहे. काम झालं म्हणून तो लगेच झोपत नाही. पाहुणे "येतो बरं का" म्हणून उठतात आणि मग चपला घालून दारात उभे राहून अजून पंधरा मिनिटं बोलतात ना, तसलाच प्रकार. टॉवर म्हणतो थांब जरा, अजून काही येईल, आणि साधारण १० सेकंद, नेटवर्कप्रमाणे कमीजास्त, फोनला जागं ठेवतो. त्या वेळात डीआरएक्स नावाच्या सोयीने फोन मध्येमध्ये डुलकी काढतो हे खरं, पण झोपेच्या मानाने खर्च कितीतरी जास्तच. म्हणजे तुम्ही दोन बाइट पाठवा नाहीतर दोन केबी, बिल जवळपास सारखंच येतं, कारण बिल बाइटचं नाहीये, जागरणाचं आहे.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप दिसायला लागतं. लोक मेसेज लहान करत बसतात, जेसन या मजकुराच्या फॉरमॅटऐवजी आटोपशीर बायनरी काय, कॉम्प्रेशन काय. त्याने डेटा वाचतो, बॅटरी फारशी नाही. किती पाठवलं याला महत्त्व नाही, किती वेळा पाठवलं याला आहे.

मग मोजायला घेतलं. वेब ॲपचं मोजणं वैताग आहे कारण सेटिंगमध्ये बॅटरी उघडली की सगळा खर्च क्रोमच्या नावावर दिसतो, कुठल्या साइटने खाल्ला ते कळत नाही. त्यामुळे जुना एक फोन घेतला, त्यातलं बाकी सगळं बंद केलं, आणि एडीबीने, म्हणजे लॅपटॉपवरून अँड्रॉइड फोनला हुकूम देणाऱ्या टूलने, डम्पसिस बॅटरीस्टॅट्स ही बॅटरीच्या खर्चाची नोंद रिसेट करून फक्त हे एक पान उघडं ठेवलं. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी एक सूचना, केबल लावलेली असताना फोन स्वतःला चार्जिंगवर समजतो आणि हिशोब धरतच नाही, तेव्हा एक तर एडीबी वायफायवरून जोडा किंवा केबल काढून मोजा आणि शेवटी जोडून रिपोर्ट घ्या. आणि वायफायवरून जोडलं तरी पानाचा ट्रॅफिक मोबाइल डेटावरून जायला पाहिजे, नाहीतर तुम्ही घरातला राउटर मोजत बसाल. त्या लांबलचक रिपोर्टमध्ये मोबाइल रेडिओ ॲक्टिव्ह म्हणून एक ओळ असते. तीच बघायची. आमच्या केसमध्ये पान उघडं होतं तेवढा जवळजवळ सगळा वेळ रेडिओ जागाच होता. लिलाव बंद असताना सुद्धा! मार्केटला शुकशुकाट, भाव यायचा प्रश्नच नाही, आणि फोन जागा.

लॅपटॉपवर क्रोम इन्स्पेक्टने, म्हणजे पानाच्या आत काय चाललंय ते दाखवणाऱ्या सोयीने, तेच पान उघडलं, नेटवर्कमध्ये सॉकेटवर क्लिक केलं, मेसेजेसचा टॅब. पिंग. पाँग. पिंग. पाँग. एक टोक विचारतंय आहेस का, दुसरं म्हणतंय आहे, दर ५ सेकंदाला. स्क्रोल केलं तरी तेच, मध्ये कधीतरी एखादा भाव.

आता ५ सेकंद का? त्या पोराला मेसेज टाकला, बिचाऱ्याने लगेच उत्तर दिलं, "दादा, कनेक्शन मिनिटभराने तुटायचं, म्हणून हार्टबीट टाकला, आणि सेफ साइड म्हणून कमी ठेवला." हार्टबीट म्हणजे हाच पिंग-पाँग. मिनिटभराने तुटायचं याचं कारण समोरच होतं. सर्व्हरच्या पुढे एनजिनएक्स नावाचा, दारवानासारखा ट्रॅफिक आत-बाहेर सोडणारा प्रोग्राम आहे, त्यात प्रॉक्सी रीड टाइमआउट म्हणून सेटिंग असतं आणि ते न बदलल्यास ६० सेकंदच असतं, तेवढ्या वेळात सर्व्हरकडून काही आलं नाही की तो कनेक्शन कापतो. एका ओळीचं काम होतं ते. त्याऐवजी शेकडो लोकांचे फोन दर ५ सेकंदाला उठवले जात होते, आणि रेडिओला झोपायला साधारण १० सेकंद शांतता लागते, म्हणजे तो झोपूच शकत नव्हता, कधीच. यात त्या पोराला नावं ठेवायचं कारण नाही, लॅपटॉपवर बसून टेस्ट करणाऱ्याला हे दिसतच नाही, वायफायवर तर अजिबात नाही.

ढोबळ हिशोब करून बघा. एका पिंगमागे रेडिओ १० सेकंद जागा राहतो असं धरा. दर ५ सेकंदाला पिंग म्हणजे १०० टक्के वेळ जागा. दर २५ सेकंदाला म्हणजे ४० टक्के, आणि २५ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, सॉकेट डॉट आयओ या प्रसिद्ध लायब्ररीचं डिफॉल्ट तेवढंच आहे. दर ४ मिनिटांना केला तर ४ टक्क्यांच्या आसपास. कोड तोच, फक्त एक आकडा बदलला.

मग हार्टबीट अजिबातच काढून टाकायचा का? तसंही चालत नाही. फोन आणि सर्व्हरच्या मध्ये मोबाइल कंपनीचं नॅट असतं, एकाच पब्लिक पत्त्यामागे हजारो फोन, आणि बराच वेळ गप्प असलेली नोंद ते पुसून टाकतं. पुसल्यावर ना फोनला कळतं ना सर्व्हरला, दोघांनाही वाटतं कनेक्शन चालू आहे. प्रत्येक कंपनीची मुदत वेगळी, तेव्हा एकच आकडा सगळीकडे चालेल असं नाही. मी एनजिनएक्सची मुदत वाढवली आणि हार्टबीट काही मिनिटांवर नेला, तोही नियम असा की मधल्या काळात भाव गेला असेल तर पिंग पाठवायचाच नाही, भाव गेला म्हणजे कनेक्शन जिवंत आहे हे सिद्धच झालं की. आणि पिंग सर्व्हरकडून. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला वेबसॉकेटचा खरा पिंग पाठवताच येत नाही, पण सर्व्हरने पाठवला तर ब्राउझर स्वतःहून पाँग देतो, आपल्याला एक ओळ लिहायला लागत नाही.

सर्व्हरकडून पाठवायचं अजून एक कारण आहे. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या क्रोम ८८ पासून असं झालंय की पान ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ मागे पडलं असेल, म्हणजे माणूस दुसऱ्या ॲपवर नाहीतर टॅबवर असेल, तर त्यातले टायमर मिनिटाला एकदाच चालतात. म्हणजे तुमचा २५ सेकंदांचा पिंग मिनिटावर जातो, सर्व्हरला वाटतं गडी गेला, तो कनेक्शन तोडतो, तुटलं म्हणून तुमचा कोड परत जोडतो, परत तेच. बॅटरी वाचवायला केलेल्या सोयीतून बॅटरी खाणारं चक्र. सॉकेट डॉट आयओवाल्यांनी तर क्रोम ८८ च्या आधीच पिंग सर्व्हरच्या बाजूला नेला होता, तोही ब्राउझरमधल्या टायमरच्या अशाच भानगडीमुळे.

पिंगचं झालं, रेडिओची ओळ खाली आली, पण मला वाटलं होतं तितकी नाही. परत मेसेजेसचा टॅब. आणि तिथे दुसरा प्राणी सापडला. पानाच्या वर कोपऱ्यात हिरवा ठिपका आणि "इतके जण पाहत आहेत" असा आकडा होता. कुणीही आत आलं, बाहेर गेलं, नुसतं दुसऱ्या ॲपवर जाऊन परत आलं, की सर्व्हर नवा आकडा सगळ्यांना पाठवायचा. सगळ्यांना! गर्दीच्या वेळी दर एकदोन सेकंदाला कुणीतरी ये-जा करतंच. म्हणजे चांदवडच्या एका माणसाने व्हॉट्सॲप बघायला पान मागे टाकलं की बाकी सगळ्यांचे रेडिओ खाडकन जागे. भावाचे मेसेज त्या मानाने चिल्लर होते.

मी नानांना म्हटलं, "नाना, तो आकडा काढतो." नाना उसळलेच. "अरे वेडा का तू? तोच बघून लोक म्हणतात नानांचं ॲप चालतं. भाव काय, तो तर मार्केटमध्ये उभं राहिलं तरी कळतो!" आता याला काय उत्तर देणार, धंदा त्यांचा. तडजोड अशी झाली की आकडा राहील, पण स्वतंत्र जाणार नाही, भावाच्या मेसेजला चिकटून जाईल. रेडिओ भावासाठी उठणारच आहे, मग आकड्याचं तिकीट फुकट. नानांना फरक कळलासुद्धा नाही.

मग भावाचाच प्रश्न आला. लिलावात ट्रॉलीमागून ट्रॉली भराभर पुढे सरकतात आणि प्रत्येकीचा भाव आला की लगेच ढकलायचा असा मूळ कोड होता. मी लायनीतल्या लोकांशी बोललो. त्यांना एकेक ट्रॉली नको असते, त्यांना विचारायचं असतं कमीत कमी काय, जास्तीत जास्त काय, सरासरी काय, आणि आपल्यासारखा माल कितीला गेला. हे अर्ध्या मिनिटाने कळलं तर काही बिघडत नाही, त्यांचा ट्रॅक्टर तेवढ्यात पुढे सरकत नाही. त्यामुळे सर्व्हरवर भाव गोळा करून ३० सेकंदाला एक गठ्ठा पाठवायला लागलो. इथे एक बारीक गोष्ट सांगतो, गठ्ठा ५ सेकंदाचा बांधला असता तर उपयोग शून्य होता, कारण रेडिओच्या जागरणापेक्षा मधलं अंतर मोठं असेल तरच त्याला झोप मिळते. बंचिंग केलंय असं सांगणारे बरेच जण २ नाहीतर ३ सेकंदांचं करतात, त्याने सर्व्हरचा भार कमी होतो, फोनला काडीचा फरक पडत नाही. गाळ्यात पंख्याखाली बसून, वायफायवर, चार्जर लावून बघणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र ट्रॉलीमागे ट्रॉली लागते, त्याच्यासाठी वरती "सगळे भाव लगेच" असं एक बटण ठेवलं. ते ज्याला हवं त्याने दाबावं.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, नाहीतर वाटेल रेडिओच सगळं खातो. तसं नाहीये. भर उन्हात ब्राइटनेस पूर्ण वर नेलेला स्क्रीन रेडिओलाही मागे टाकतो. आणि या ॲपमध्ये वेक लॉक लावलेला होता, म्हणजे पान समोर आहे तोवर स्क्रीन बंदच होणार नाही. कल्पना चांगली होती, भाव बघताना सारखं बोट लावायला नको. पण माणूस पान उघडं ठेवून मोबाइल ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवतो आणि गप्पा मारायला जातो, आणि स्क्रीन आपला आभाळाकडे तोंड करून जळत बसतो. कुणीतरी सुचवलं डार्क थीम कर. ती ओलेड स्क्रीनवर कामाची, तिथे काळा पिक्सेल खरंच बंद असतो, पण स्वस्तातल्या बऱ्याच फोनना एलसीडी असतो आणि त्यात मागचा दिवा काळ्यालाही तेवढाच जळतो, शिवाय उन्हात काळं पान वाचता येत नाही ते वेगळंच. म्हणून थीमच्या नादाला न लागता वेक लॉक एवढाच केला की शेवटचा स्पर्श होऊन दोन मिनिटं झाली की सोडून द्यायचा.

स्क्रीन बंद झाला, किंवा माणूस दुसऱ्या ॲपवर गेला, की मग सॉकेटचं काय? माझं मत इथे एकदम साधं आहे, कुणी बघत नसेल तर कनेक्शन कशाला. व्हिजिबिलिटीचेंज इव्हेंट, म्हणजे पान दिसतंय की लपलंय हे ब्राउझर कळवतो तो इशारा, पकडायचा, पान लपलं की अर्धा मिनिट थांबायचं, कारण लोक व्हॉट्सॲप बघून लगेच परत येतात, आणि तरी आला नाही तर सॉकेट आपल्या हाताने बंद करायचा. परत आला की आधी साध्या एका रिक्वेस्टने आत्तापर्यंतचं चित्र मागवायचं, मग सॉकेट जोडायचा. प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक दिला की मधलं काय चुकलं तेही कळतं. असं आपल्या हाताने केलं नाही तर सिस्टीम तिच्या पद्धतीने करतेच, आयफोनवर सफारी मागे गेली की पान गोठतं, अँड्रॉइडवरही थोड्या वेळाने तेच होतं, आणि मग परत आल्यावर मेलेल्या सॉकेटकडे बघत बसायला होतं. अनलोडवर, म्हणजे पान बंद होताना येणाऱ्या इशाऱ्यावर, तर भरवसा ठेवूच नका, मोबाइलवर माणूस पान बंद करत नाही, नुसता निघून जातो.

परत जोडण्याचीही एक कथा आहे. मार्केटच्या आवारात गर्दीच्या वेळी एका टॉवरवर सगळा तालुका असतो, नेटवर्क लटकतं, आणि जुना कोड कनेक्शन तुटलं की दर सेकंदाला परत प्रयत्न करायचा. कनेक्शन जोडणं म्हणजे डीएनएसने पत्ता शोधणं, टीसीपीची जोडणी, टीएलएसचं कुलूप, मग वेबसॉकेटचा हँडशेक, इतक्या फेऱ्या, आणि सिग्नल कमजोर असला की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो. म्हणजे नेमका सगळ्यात महाग वेळ निवडून सगळ्यात जास्त प्रयत्न. उपाय नेहमीचाच, दर वेळी थांबायचा वेळ दुप्पट करत न्यायचा, एका मर्यादेपर्यंत, आणि त्यात थोडा रँडम फरक टाकायचा नाहीतर सर्व्हर रिस्टार्ट झाल्यावर सगळे फोन एकाच क्षणी दार ठोठावतात. याची टेस्ट कुठे करायची? सकाळच्या पंचवटीने मुंबईला जाताना इगतपुरी सोडली की कसाऱ्याचा घाट लागतो, बोगद्यात नेटवर्क गायब, बाहेर आलं की दोन काड्या, परत बोगदा. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये ऑफलाइनचं बटण दाबून जे कधी दिसलं नाही ते मला तिथे दिसलं, ब्राउझर म्हणतोय ऑनलाइन आहे, पण प्रत्यक्षात एक बाइट पुढे सरकत नाहीये. त्यामुळे आता ऑनलाइन इव्हेंट आला तर लगेच उडी मारत नाही, एक छोटी रिक्वेस्ट यशस्वी झाली तरच सॉकेट.

आणि या सगळ्यात खरं तर बऱ्याच लोकांना सॉकेटची गरजच नव्हती. घरी असलेल्या शेतकऱ्याला पानाकडे टक लावून बसायचं नसतं, त्याला एवढंच हवंय की सरासरी अमुकच्या वर गेली की कळव, मग उद्या माल काढायचा की नाही ते ठरवतो. हे पुश नोटिफिकेशनचं काम. सर्व्हिस वर्कर, म्हणजे पान बंद असतानाही ब्राउझर चालवू शकतो असा छोटा कोड, नोंदवायचा, परवानगी मागायची, आणि निरोप त्या फोनच्या आधीच उघड्या असलेल्या कनेक्शनवरून येतो, आपलं वेगळं काही उघडं ठेवायला लागत नाही. दिवसाला दोनतीन निरोप, एवढाच खर्च. अँड्रॉइड ६ पासून डोझ आहे, फोन बराच वेळ पडून असेल तर साधे निरोप अडवून ठेवतो, म्हणून भावाचा अलर्ट जास्त अर्जन्सी लावून पाठवायचा, आणि मुदतही द्यायची, सकाळचा भाव रात्री मिळून उपयोग काय.

अँड्रॉइडवाल्यांचं काम झालं. राहता राहिले आयफोनवाले. तिथे वेब पुश आयओएस १६.४ मध्ये, म्हणजे २०२३ ला आलं, पण अट अशी की पान आधी होम स्क्रीनवर टाकलेलं पाहिजे. शेअरचं बटण दाबा, खाली जा, ॲड टू होम स्क्रीन, मग तिथून उघडा, मग परवानगी द्या. हे मी नानांना फोनवर समजावून सांगितलं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यापेक्षा तू असं कर, आयफोनवाल्यांना एसएमएस पाठव." त्याचं कोटेशन कालच पाठवलंय.